खानदेशातल्या चौफुल्या

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर चार वाटा मिळतात. पश्चिमेकडून धुळ्याचा महामार्ग येतो आणि तसाच पुढे भुसावळकडे निघून जातो. दक्षिणेकडून अजिंठ्याचा डोंगर उतरलेला संभाजीनगरचा रस्ता येतो. चौथी वाट नेरी नाक्याकडून, म्हणजे जुन्या गावातून. मी एस.टी.त चालक होतो, जळगाव आगारात. या चौफुलीत मी चारही बाजूंनी शिरलोय आणि चारही बाजूंनी बाहेर पडलोय, पण निर्धास्त मनाने एकदाही नाही. निवृत्त झाल्यावर वाचनालयात बसून जुनी गॅझेटियरं आणि नकाशे वाचायची सवय लागली, ती या एका प्रश्नापायी. ही जागा अशी कशी झाली? कोणी आखली?

उत्तर असं की ती कोणी आखलीच नाही. खानदेशातल्या बहुतेक धोक्याच्या चौफुल्यांचा इतिहास हाच आहे, आणि तो थोडा मागून सांगावा लागतो.

सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने. खानदेशचा तेव्हाचा मोठा रस्ता म्हणजे तापीकाठची ही वाट. बैलांचे तांडे, कापड, नीळ, सगळं इथून जायचं. आजचं जळगाव या वाटेवर नव्हतं आणि धुळंही नव्हतं. काळ्या मातीचा मुलूख. पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. वाट म्हणजे जिथून गाडी निघेल ती. दोन वाटा जिथे मिळत, तिथे विहीर, झाड, फार तर एखादी धर्मशाळा. बैलाच्या चालीने येणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवान एकमेकांना रामराम करून बाजूला होत. अशा ठिकाणी माणूस मरत नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला मोठा अधिकारी. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवाद केला तोच हा ब्रिग्ज. त्याने मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं, कारण ते मुलखाच्या मध्यावर होतं आणि उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारी वाट तिथून पांझरा नदी ओलांडत होती. व्यापाऱ्यांना बोलावून त्याने जुन्या गावाशेजारी सरळ, रुंद रस्त्यांची नवी पेठ वसवली. धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. पत्ता विचारला तर माणूस आकडाच सांगतो. आधी कागदावर रेघ आणि मग घर, असं खानदेशात फार थोड्या ठिकाणी झालं. धुळं त्यातलं एक. मला त्या शहराबद्दल याच कारणाने आदर वाटतो.

पण आग्रा रोड गावातूनच जात होता. लळिंगची खिंड उतरून येणारी मुंबईची वाहतूक धुळ्याच्या बाजारातून वाट काढत सोनगीर, शिरपूरकडे जायची. दुकानदारांना ते हवंच होतं. ज्या रस्त्याने गिऱ्हाईक येतं त्याच्या काठावर दुकान टाकायचं, हे व्यापाराचं साधं शहाणपण. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले. स्वातंत्र्यानंतर महामार्गांना नंबर पडले तेव्हा धुळ्याच्या वाट्याला दोन मोठे महामार्ग आले: मुंबई-आग्रा तीन नंबर आणि सुरत-नागपूर-कोलकाता सहा नंबर. नंतर सोलापूरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे येणारा २११ नंबर त्यात मिळाला. आता हे सगळे नंबर बदललेत, पण आम्ही चालक मंडळी अजून जुनेच म्हणतो. महामार्ग गावाबाहेर काढला गेला आणि तो ओलांडणाऱ्या रस्त्यांवर नव्या चौफुल्या उभ्या राहिल्या: पारोळा चौफुली, चाळीसगाव चौफुली. हळूहळू गाव त्यांच्यापर्यंत पोचलं. गॅरेज आलं, ढाबा आला, मग काळीपिवळीचा थांबा, मग शाळा. ज्या गर्दीपासून वाहतूक लांब नेली होती ती गर्दी तिच्यामागे चालत आली.

जळगावचं वळण वेगळं. जळगाव रेल्वेने मोठं केलं. १८६०च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचा रूळ इथे पोचला आणि त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस बंद झाल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेशचा कापूस हवा झाला. जिकडून तिकडून गाड्या जळगाव स्टेशनाच्या दिशेने निघाल्या. १८७४ मध्ये इथे खानदेश मिल निघाली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव झालं. या सगळ्या काळात गावाचं तोंड स्टेशनाकडे होतं. बाजार, कचेऱ्या, गिरण्या स्टेशनाभोवती. धुळ्याहून भुसावळकडे जाणारा रस्ता गावाच्या दक्षिणेला, शेतांमधून जायचा. तो सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग झाला तेव्हाही जळगावकराला तो गावाबाहेरचाच वाटत होता.

मग गावाने तो ओलांडला. उत्तरेला रूळ होते. रेल्वे ओलांडायची म्हणजे फाटक किंवा पूल, तिथे पैसा आणि परवानगी लागते. दक्षिणेला महामार्ग ओलांडायला काही लागत नव्हतं. शेत बिनशेती करा, प्लॉट पाडा, मुरमाचा रस्ता महामार्गाला नेऊन भिडवा. महाबळ, रामानंदनगर, शिवकॉलनी, खोटेनगर, पिंप्राळ्याकडच्या वसाहती अशाच वाढल्या. मेहरूण तर जुनंच गाव, तेही शहरात आलं. अजिंठा रस्त्याला औद्योगिक वसाहत झाली. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, त्याची जागा बांभोरीला, गिरणा नदीच्या पलीकडे. म्हणजे पोरांचा रोजचा रस्ता महामार्गावरून आणि गिरणेच्या पुलावरून. घर दक्षिणेला आणि शाळा, दवाखाना, कचेरी, स्टेशन उत्तरेला, अशी हजारो कुटुंबांची दिनचर्या ठरून गेली. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा ट्रक आणि दूध आणायला निघालेला माणूस यांना एकच डांबर वाटून घ्यावं लागलं.

हे टाळता येत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५ चा आहे. रस्त्याच्या कडेने बांधकामाची रेषा ठरवावी, तिच्या आत परवानगीशिवाय काही बांधू नये आणि महामार्गाला वाटही जोडू नये, हे त्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी पुढचं पाहिलं होतं. कायद्याचं पुस्तक कपाटात राहिलं आणि प्लॉटचा नकाशा मंजूर होत गेला. प्रत्येक मंजूर नकाशाबरोबर महामार्गाला एक नवं तोंड फुटलं. अपघात झाला तेव्हा तारीख पंचनाम्याची लागली. खरं तर तो त्या मंजुरीच्या दिवशीच ठरला होता.

आता चालकाच्या जागेवर बसून ही चौफुली कशी दिसते ते सांगतो, कारण नकाशावर ते दिसत नाही.

चार रस्त्यांचा साधा चौक असेल तर वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हा हिशोब असतो. तीन तोंडांच्या फाट्यावर ९ जागा आणि नीट बांधलेल्या गोल चौकात ८. पायी चालणारे यात धरलेले नाहीत. बत्तीस जागांपैकी चालकाला एका वेळी दोन दिसतात, फार तर तीन. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जो खांब असतो त्याच्या आड एक अख्खी मोटरसायकल लपते. तुम्ही वळत असता, ती सरकत असते, आणि ती खांबाच्या मागेच राहते. म्हणून जुने चालक वळताना मान पुढे काढून डावी-उजवीकडे हलवतात. नव्यांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो.

दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. बस डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, आतून येतं. पुढचं चाक कोपऱ्यापासून दोन हात लांबून गेलं तरी मागचं कोपरा घासून जातं. म्हणून चालक आधी गाडी उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे वळवतो. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं, बस उजवीकडे चालली. तो डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत शिरतो. आणि ती जागा मिटत येते. नेरी नाक्याकडे किंवा संभाजीनगरकडे वळताना डाव्या आरशात असा चेहरा दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आरसा धुळीने माखलेला असला तर तो चेहरा दिसत नाही. म्हणून निघण्याआधी आरसा स्वतः पुसल्याशिवाय मी गाडी कधी हलवली नाही.

त्यात खानदेशचा हंगाम. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस इतका फुगलेला की मागचा दिवा झाकला जातो आणि रस्त्याची दीड गाडीची रुंदी ती एकटी खाते. रावेर-यावलकडून केळीचे ट्रक येतात. केळीला उशीर चालत नाही, त्यामुळे त्या चालकाच्या मागेही कोणीतरी घड्याळ लावलेलं असतं. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर जाते. दचकून ब्रेकवर पाय जायला सेकंदभर लागतोच. तेवढ्यात चौफुलीचं निम्मं अंतर संपतं.

आणि प्रवासी. चौफुलीवर उतरणं ही लोकांची गरज होती. स्थानकापर्यंत जाऊन उलट येण्यात वेळ आणि रिक्षाचे पैसे दोन्ही जातात. पारोळ्याहून बसलेली एक म्हातारी मला आठवते. हातात कापडी पिशवी, दवाखान्यात लेकीला भेटायला निघालेली. चौक आला तशी ती केबिनपाशी येऊन म्हणाली, "दादा, आठेच उतारी दे." म्हणजे इथेच उतरव. तिथे थांब्याची जागा नव्हती, बस बाजूला घ्यायला मोकळी साइडपट्टीसुद्धा नव्हती. मी गाडी थांबवली. ती उतरली आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. बसच्या आडून येणारा ट्रक तिला दिसणार नाही आणि ट्रकवाल्याला ती. मी वाहकाला खाली उतरवलं. त्याने तिचा हात धरून तिला पार नेलं, तोवर मागे हॉर्नचा कल्लोळ. एका माणसाला रस्ता ओलांडायला सरकारी वाहक लागतो, अशी ती जागा. ज्यांच्यासाठी वाहक उतरला नाही त्यांचं काय होतं, ते जळगावच्या कोणत्याही दैनिकाच्या जुन्या अंकांमध्ये वाचायला मिळेल.

अपघात झाला की गुन्हा चालकावर नोंदला जातो. ते योग्यच आहे, चूक चालकाची असेल तेव्हा. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं मरतात, चालक दर वेळी वेगळा, गाडी वेगळी, वेळ वेगळी, मग समान काय उरतं? जागा. सरकारनेही हे मानलेलं आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली, तर तो 'ब्लॅक स्पॉट' धरावा, अशी व्याख्या केंद्रीय रस्ते मंत्रालयाची आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. दंड फार नाही. पण रस्ता आखणाराही आरोपी असू शकतो, हे कायद्याने प्रथमच इतकं स्वच्छ म्हटलं. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. हे कलम किती ठिकाणी लावलं गेलं, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीत विचारला गेला पाहिजे.

मी स्वतः एका चौकाबद्दल अर्ज केले होते. मागणी साधी: बस थांबायला बाजूला जागा, झेब्रा पट्टे आणि रात्री चालू राहणारा दिवा. एका कार्यालयाने सांगितलं, रस्ता आमचा पण दिवा दुसऱ्यांचा. दुसऱ्यांनी सांगितलं, दिवा आमचा पण खांब रोवायची जागा पहिल्यांची. तिसऱ्याने पोच दिली. महामार्ग एका खात्याचा, त्याला मिळणारा रस्ता दुसऱ्याचा, कॉलनीची गल्ली तिसऱ्याची आणि वाहतूक पोलीस चौथ्या खात्याचे. रस्त्याचा सरळ तुकडा कोणा ना कोणाचा असतो, चौक मात्र सगळ्यांच्या हद्दीवर पडतो. धुळ्याला ब्रिग्जने रेघा मारल्या तेव्हा रेघ मारणारा, जागा देणारा आणि जाब घेणारा एकच माणूस होता. आपल्याला ते राज्य परत नको आहे. पण एका चौकासाठी एक जबाबदार अधिकारी, त्याचं नाव तिथल्या फलकावर, एवढं स्वराज्यात व्हायला काय हरकत आहे?

जळगावकर गप्प बसले नव्हते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना समांतर रस्ते करा, म्हणजे गावची वाहतूक गावच्या रस्त्याने जाईल, ही मागणी इथे वर्षानुवर्षं होत राहिली. २०१८ मध्ये तिच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले. त्यात डॉक्टर होते, वकील होते, कॉलेजची पोरं होती, घरातलं माणूस याच रस्त्यावर गमावलेले होते. त्यानंतर शहरातून जाणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण झालं. प्रभात चौक, दादावाडी, गुजराल पेट्रोल पंप इथे खालून जाणारे मार्ग झाले. आकाशवाणी, इच्छादेवी आणि अजिंठा या चौकांना गोल रोटरी मिळाली.

खालून जाणारे मार्ग हे चांगलं काम आहे. तिथे सायकलवरचं पोर आणि सोळा चाकी ट्रक एकमेकांना भेटतच नाहीत, आणि माझ्या मते सुरक्षित रस्त्याची खरी ओळख हीच. रोटरीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. रोटरी वाईट नसते. तिचं काम गाडीला वळायला लावून वेग उतरवणं, आणि नियम असा की आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. त्यासाठी जागा लागते, लेन लागतात आणि नियम पाळणारी रहदारी लागते. चार बाजूंनी दुकानं, रिक्षा आणि हातगाड्या चिकटलेल्या चौकात मधोमध मोठं वर्तुळ बसवलं की फिरायला उरते एक चिंचोळी पट्टी. लांब कंटेनर त्या पट्टीत वाकतो तेव्हा त्याचं मागचं चाक आतून येतं, ते वर सांगितलंच. त्या वेळी त्याच्या डाव्या अंगाला कॉलेजची मुलगी स्कूटीवर असते. पायी चालणाऱ्याला तर रोटरीत कुठेच जागा नाही. गाड्या थांबतच नाहीत, तो ओलांडणार कधी? आकाशवाणी चौकात बसस्थानकाकडून आणि महाबळकडून येणारी गर्दी पाहावी. तिथे वाहतूक वरून किंवा खालून वेगळी केल्याशिवाय सुटका नाही, असं मी चाकामागे घालवलेल्या आयुष्याच्या भरवशावर म्हणतो.

धोका जळगावपुरता नाही. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, बिजासन घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. गाड्यांना ठोकरत तो रस्त्याकडेच्या बसथांब्याशेजारी हॉटेलात घुसला. किमान दहा जीव गेले. ब्रेक यंत्राचा दोष खरा. पण घाटाच्या पायथ्याशी, महामार्गाला लागून, थांबा आणि हॉटेल एकमेकांना खेटून उभे होते, आणि बसची वाट बघणाऱ्याला पळायला जागा नव्हती. आपल्याकडे गाव असंच वाढतं, रस्त्याला टेकून.

म्हणून आता जे सांगायचं ते उद्याबद्दल. जळगावची लांब पल्ल्याची वाहतूक बाहेरून नेण्यासाठी पाळधी ते तरसोद असा बाह्यवळण महामार्ग शहराच्या उत्तरेने आखला गेला. तो आव्हाणे, ममुराबाद, आसोदा या गावांच्या बाजूने जातो. कवयित्री बहिणाबाईंचं आसोदं ते हेच. शंभर वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा रस्ता होता तसाच हा रस्ता आज शेतांतून जातो. त्याच्या कडेला प्लॉटचे फलक लागायला वेळ लागणार नाही. फलकावर 'हायवे टच' लिहिलेलं असेल आणि त्या दोन शब्दांसाठी जास्त भाव मोजला जाईल. प्रत्येक ले-आउटमधून एक वाट महामार्गाला भिडली, की पंचवीस वर्षांनी तिथे आणखी एक अजिंठा चौफुली उभी असेल.

तेव्हा या तिन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना माझी हात जोडून विनंती आहे. महामार्गाला थेट वाट देणारा एकही नकाशा पुढे जाऊ देऊ नका, ग्रामसभेत तसा ठराव करा. आधी सेवा रस्ता, मग बिनशेती, हा क्रम धरून बसा. शेतात जाणारी बैलगाडी आणि शाळेत जाणारी पोरं खालून जातील असे मार्ग आत्ताच मागून घ्या. नंतर मागितले तर ते मिळायला पिढी जाते, हे जळगावने भोगलेलं आहे. आणि प्लॉट घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: सातबारा बघता, दिशा बघता, पाणी बघता, तसं नकाशावर बोट ठेवून विकणाऱ्याला विचारा की माझं पोर या घरातून शाळेत कोणत्या रस्त्याने जाईल. त्याने महामार्गाकडे बोट दाखवलं तर तो प्लॉट घेऊ नका.